जाळलेल्या नागांची नोंद

तुम्हाला जाऊन पंधरवडा होत आला होता, तेव्हा मिठाचे व्यापारी इसाकभाई यांचा गाडीवान दारात येऊन उभा राहिला. हिंगोलीजवळच्या गोरेगावहून मिठाच्या रिकाम्या गोण्या घेऊन आलेली गाडी, आणि गोण्यांच्या आत तोंडाला फडकं बांधलेलं गाडगं. तुम्ही गेल्याचं त्याला ठाऊक होतं. इसाकभाई स्वतः तिसऱ्या दिवशी येऊन ओसरीवर बसून गेले होते. मी म्हटलं, "अरे, आता कोण बघणार हे?"

"मालक म्हनले, मास्तर गेले, साप थोडेच गेलेत? बाई हायेत की," तो म्हणाला आणि गाडगं उंबऱ्याच्या बाहेर ठेवून बैलांना पाणी पाजायला गेला.

मी फडकं सोडलं. साप काळसर, अंगावर पांढरे आडवे पट्टे. गोरेगावात त्याला मण्यार म्हणून मारलं होतं. मी तुमचं भिंग काढलं. पट्टे मानेपाशी ठळक होते आणि शेपटीकडे पुसट होत गेले होते. मण्यारीचं याच्या उलट असतं, तुम्हीच दाखवलं होतं. पाठीच्या मधोमध खवल्यांची ओळ इतर ओळींएवढीच होती, मण्यारीसारखी मोठी नव्हती. कवड्या होता बिचारा. मी चिठ्ठी लिहिली: "साप मिळाला. माझ्या पाहणीत हा कवड्या निघाला, बिनविषारी आहे. खुणा खाली लिहिल्या आहेत, पुढच्या वेळी आपणही ताडून पाहाव्यात." शब्द तुमचेच. 'तुम्ही चुकलात' असं तुम्ही कधी कुणाला लिहिलं नाही. गाडीवानाच्या हातात चिठ्ठी दिली, हात राखेनं धुवायला मोरीत गेले.

समाचाराला येणाऱ्या बायका हळूच विचारतात, मास्तरांना हा सापांचा नाद कुठून लागला होता? मी त्यांना नाद नव्हता असं सांगते. पण पुढं काय सांगायचं ते मला जुळत नाही. जर्मनीचं दुसरं युद्ध सुरू झालं त्या साली तुमच्या वर्गातली एक मुलगी नाग चावून गेली. वडिलांनी तिला बैलगाडीतून हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात आणलं, आणि दवाखान्यात सापाच्या विषावरची लस नव्हती. तुम्ही डॉक्टरसाहेबांकडे गेलात. ते हैदराबादचे, सभ्य माणूस. म्हणाले, "मास्तरसाब, लस थोडी आहे, मागणारे दवाखाने पुष्कळ. वरचे पूछते हैं, तुम्हारे यहाँ कौनसा साँप है? सबूत क्या है? ही लस नाग आणि घोणस यांच्यावरच चालते. फुरसं, मण्यार असेल तर काही उपयोग नाही. तुम मुझे बता दो, मैं ऊपर लिख देता हूँ."

त्या दिवशी घरी आलात तेव्हा तुम्ही पायही धुतले नव्हते. म्हणालात, "सगळ्या तालुक्यात आपली मुलं आहेत. शिकून गेलेली. कुणी शेती करतं, कुणी दुकान, कुणी शाळेत आहे. त्यांनी नुसता मेलेला साप पाठवायचा, कुठं मारला ते सांगायचं. ओळखायचं काम माझं."

सासूबाई म्हणाल्या, "घरात एक बी साप आनायचा न्हाई." म्हणून सगळा कारभार गोठ्याच्या माळ्यावर गेला. स्पिरिटच्या बरण्या, भिंग, दोन जाड इंग्रजी पुस्तकं आणि तुम्ही. जेवायला हाक मारली की आधी राखेनं हात धुतल्याचा आवाज यायचा. तो आला नाही तर सासूबाई ताट वाढू देत नसत.

पहिल्या वर्षी काय काय आलं ते आठवून मला अजून हसू येतं. डोकं ठेचून चेंदा झालेले साप, कारण डोकं ठेचल्याशिवाय साप मेला असं आपल्याकडे कुणी मानत नाही. नुसत्या काती. दोन शेतांमधल्या कुपाटीतली एकच धामण दोन्ही शेतकऱ्यांनी आपापली म्हणून पाठवली, अर्धी अर्धी. दोन्ही अर्धुकं माळ्यावर जोडून पाहिलीत तेव्हा कापल्याची रेघ रेघेला बसली. तुम्ही दोघांनाही आभाराची चिठ्ठी लिहिलीत आणि नोंद एकच केलीत. मी म्हटलं, "दोघांपैकी कुणाचं नाव घातलं?" तुम्ही म्हणालात, "सापाचं."

एक गोष्ट मात्र तेव्हा आपल्या दोघांनाही दिसली नाही. दोन पावसाळे गेले. फुरशी आली, धामणी ढिगानं आल्या, घोणस दोनच, मण्यारी आल्या. नाग जवळजवळ नव्हताच. तुम्ही एक एक साप स्वतः तपासलेला, त्यामुळे यादीत खोटं असं काही नव्हतं. ती घेऊन तुम्ही डॉक्टरसाहेबांकडे गेलात आणि उतरल्या चेहऱ्यानं परत आलात. ते म्हणाले होते, "आपके यहाँ तो नाग है ही नहीं. फिर दवा किसके लिए मँगवाऊँ?"

तेव्हाची तुमची तडफड मी पाहिली. ज्या कामासाठी यादी मांडली, तिनंच ते काम बुडवलं होतं. मी म्हटलं, एवढे नाग लोक रोज सांगतात, घाला की त्यांतले थोडे.  तुम्ही म्हणालात, "जो माझ्या हाताखालून गेला नाही तो मी कसा लिहू? उद्या कुणी एक नोंद खोटी आहे म्हणालं तर बाकीच्या सगळ्या गेल्या."

त्याच दिवसांत मी शिरड शहापूरला माझ्या मावसबहिणीकडे बारशाला गेले होते. माघारी निघायच्या सकाळी शेजारच्या सटवाजीच्या अंगणात गर्दी दिसली. गोवऱ्यांची लहानशी चिता रचलेली, तिच्यावर फडक्यात गुंडाळलेला नाग. सटवाजी अंघोळ करून ओल्या धोतरानं उभा. त्याची म्हातारी आई त्याला सांगत होती, "तांब्याचा पैसा ठिव त्याच्या तोंडात. तसा जाळू नगं, डूक धरतो." सटवाजीनं बाभळीच्या काटकीनं तोंड उघडलं, पैसा आत सरकवला, तूप शिंपडलं आणि अग्नी दिला.

मी विचारलं, "सटवाजी, हा साप हिंगोलीला मास्तरांकडे का नाही पाठवला? तुझा चुलतभाऊ तर पाठवतो."

तो ओशाळला. "धामण पाठवतो जी आमी. फुरसं पाठवतो. नाग कसा पाठवावा? त्यो बरणीत भिजत पडला तर आमाला पाप न्हाई का लागनार?"

मग घरी येईपर्यंत मला धीर निघेना. यादीत नाग नव्हते, कारण प्रत्येक नागाला लोक अग्नी देत होते. सगळ्या तालुक्यातून जो साप तुमच्याकडे यायला हवा, तोच येणार नव्हता, आणि तुम्ही कितीही नीट तपासलं तरी यादी त्याच बाजूला कललेली राहणार होती.

मी सांगितलं तेव्हा तुम्ही भिंग खाली ठेवलंत. मला वाटलं, आता म्हणाल की नियम बदलू. तुम्ही म्हणालात, "जाळलेला नाग मी तपासणार कसा?"

आपण तेव्हा भांडलो. भांडलो म्हणजे तुम्ही हळू आवाजात बोलत राहिलात आणि मी भांडी जोरात घासली. मी म्हटलं, गावानं अग्नी दिला याचा अर्थ गावानं ओळखला. तुम्ही म्हणालात, गाव ओळखतं हेच तर ठरवायचं आहे. मी पैजेवर म्हटलं, शिरड शहापूर, गोरेगाव, साखरा इथं जाळलेले सगळे नाग नागच निघतील.

दुसऱ्या रविवारी तुम्ही मला घेऊन शिरड शहापूरला आलात, तो दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी आहे. सटवाजीच्या ओसरीवर बसून तुम्ही चहा घेतलात, पावसाची, तुरीची चौकशी केलीत. मला वाटलं, आता विचारतील, आता विचारतील. मग सहज विचारलंत, "पैसा ठेवायला तोंड कशानं उघडलंस?"

"काटकीनं, मास्तर."

"सोपं गेलं?"

"न्हाई. जरा जड गेलं."

"मग आत काय दिसलं?"

सटवाजीनं विचार केला. "म्होरं, वरच्या जबड्याला, दोन आकडे व्हते. बारीक. मांसात लपल्यावानी. काटकी त्येलाच अडकली की."

तुम्ही मान हलवलीत. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सरळ विचारायचं की, दोन दात दिसले का म्हणून." तुम्ही हसलात. "तसं विचारलं असतं तर हो म्हणाला असता. मास्तरांनी विचारलं की सगळे हो म्हणतात. मी वर्गात वीस वर्षं तेच ऐकतो आहे."

हे तुमचं डोकं. ज्या रिवाजानं नाग तुमच्यापासून हिरावला होता, त्याच रिवाजात तुम्हाला साक्षीदार सापडला. पैसा ठेवायचा तर कुणाला तरी तोंड उघडावंच लागतं, आणि ज्यानं उघडलं त्यानं दात पाहिलेले असतात; पुढचे दोन आकडे नागाला असतात, धामणीला नसतात. मग आपण गावोगाव तेवढंच विचारत फिरलो. पैसा कुणी ठेवला? त्याला एकट्याला भेटायचं. म्हाताऱ्यांसमोर नाही, गर्दीत नाही. आत काय दिसलं ते त्याच्या शब्दांत सांगू द्यायचं.

आणि मी पैज हरले. निम्म्याहून थोडे कमी असतील, पण बऱ्याच जणांनी सांगितलं, आत करवतीसारखे बारीक दात होते, आकडे काही दिसले नाहीत. त्या धामणी. मोठा साप, अंधारातला, उगाच धोका नको म्हणून तूप घालून जाळलेला. गोरेगावात एकानं तर आधीच सांगून टाकलं, "मास्तर, मला बी धामणच वाटत व्हती, पर आई म्हनली नाग हाय. आईच्या म्होरं काय बोलावं?" इसाकभाई पलीकडून म्हणाले, "तुझ्या आईनं मला सुदिक एकदा साप म्हनलंय. मला बी जाळायचा व्हता का?" तुम्ही एवढे हसलात की हातातला चहा सांडला.

त्या वर्षीची यादी तुम्ही दोन भागांत केलीत. वरच्या भागात जे हाती आले ते, आणि ज्यांचं तोंड उघडणाऱ्याची साक्ष पटली ते. बाकी सगळे खाली. डॉक्टरसाहेबांना तुम्ही स्वच्छ सांगितलंत, वरचा भाग धरा, खालचा फक्त वाचून ठेवा. त्यांनी वरचा भाग धरला. लस आली. थोडी आली, पण आली. दर पावसाळ्यानंतर नवी यादी द्यायची, म्हणजे पुढच्या वर्षीची लस टिकेल, असं ठरलं.

त्या लशीनं कोण कोण वाचलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुम्ही कधी ते घरात बोलून दाखवलं नाही. मला बाजारात लोक सांगायचे.

खालच्या भागावरून मात्र आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. मी म्हणत राहिले, तिथं जे पडून आहेत त्यांतही नाग आहेत, आपल्याला नुसती साक्ष मिळाली नाही एवढंच. लस कमी येते ती तुमच्या कडक स्वभावामुळे. तुम्ही म्हणत राहिलात, खाली ठेवलं म्हणजे खोटं ठरवलं असं नाही, मला माहीत नाही एवढंच लिहिलंय. मी म्हणायचे, तुम्हाला माहीत नाही म्हणून माणसं मरतील. एकदा, ताप येण्याच्या थोडे दिवस आधी, म्हणालात, "तसंही होऊ शकतं." मला तेव्हा विचारायला हवं होतं की मग तुम्हाला झोप कशी लागते. मी दिव्याची काच पुसत राहिले.

ताप विषमाचा होता, तुम्ही तीन आठवड्यांत गेलात. त्या आठवड्यांत तुम्ही सापाबद्दल काहीच बोलला नाहीत. मला वाटलं होतं बोलाल, काही सांगून ठेवाल. तुम्ही पाणी मागितलंत, आईंची चौकशी केलीत, आणि एकदा विचारलंत की वर्गाचे पेपर कुणी तपासले. बस.

कवड्याची चिठ्ठी गेल्यावर चार-सहा दिवसांनी डॉक्टरसाहेब घरी आले. ओसरीवर टोपी काढून बसले, सासूबाईंशी दोन शब्द बोलले, मग म्हणाले, "बाई, इस साल की लिस्ट? पुढच्या महिन्यात मला वर लिहायचं आहे. नाही गेली तर लस दुसऱ्या दवाखान्याला जाईल." मी म्हटलं, देते. त्यांनी विचारलं, "आप जाँचेंगी?" मी म्हटलं, हो.

बहुतेक काम तुम्ही करूनच गेला होता. राहिलं होतं साखऱ्याचं. तिथं लक्ष्मण नावाचा तरणा पोरगा सर्पदंशानं गेला होता, आणि साप जाळला होता. मी इसाकभाईंच्या गाडीनं गेले. त्याची आई सखूबाई दारातच बसली होती. मी कोण ते ऐकल्यावर तिनं हात धरून मला आत नेलं.

"नागच व्हता, बाई. फडा काढलेला. समद्यांनी बगितला."

मी एकेकाला वेगळं विचारलं, तुम्ही शिकवलं तसं. भावानं सांगितलं, चुलत्यानं सांगितलं, शेजाऱ्यानं सांगितलं. तिघांचे शब्द तेच, त्याच क्रमानं. कडब्याच्या गंजीपाशी, फडा काढलेला, हातभर उंच. इतके दिवस तेच बोलून बोलून त्यांचं एकच झालं होतं. मी पैशाचं विचारलं. भाऊ म्हणाला, "पैसा कुनी ठिवतोय, बाई. राग आला व्हता. लाकडानं मारून मारून त्याचं डोस्कं जाग्यावर राहिलं न्हाई, तसाच आगीत टाकला."

मी लक्ष्मणाचं विचारलं. सखूबाई म्हणाली, त्याच्या पापण्या मिटत गेल्या, मग बोलणं गेलं. जागा सुजली होती का? तिला आठवेना. सुजली असेल, नसेल. पापण्या नागानंही मिटतात आणि मण्यारीनंही. सूज आली असती तर नागाकडे झुकलं असतं. ते तिला आठवेना, आणि मी पुन्हा विचारलं असतं तर ती सुजली होती म्हणाली असती. माझ्या तोंडावरून मला काय हवंय ते तिला कळलं होतं.

मला सांगायचं आहे ते हे. माझी खात्री आहे की तो नाग होता. तिथं बसून, त्या बाईचा हात हातात असताना, साप तुमच्या भिंगाखाली असावा तेवढी खात्री वाटत होती. वरच्या भागात एक ओळ घालायची होती फक्त. त्या वर्षी वरचे नाग थोडे होते, एका ओळीनं फरक पडला असता.

मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, सखूबाई, साप हाती नाही, तोंड कुणी पाहिलेलं नाही. मला हा वर धरता येत नाही. डॉक्टर वरचेच धरतात.

 मला वाटलं, आता उठून जा म्हणेल. ती म्हणाली, "मास्तर असते तर धरला असता का?"

मी म्हटलं, नसता.

"मंग काहून आलात एवढ्या लांब?"

मी यादीचे कागद पिशवीत भरू लागले. तशी तीच म्हणाली, "खाली तरी लिवा. कुटं तरी असू द्या त्याला. आन् नाव लिवा माज्या लेकराचं. नुसता साप लिवू नगा."

खालच्या भागात तुम्ही कधी माणसाचं नाव लिहिलं नाही. मी लिहिलं. साखरा, लक्ष्मण, साप तपासलेला नाही. यादी डॉक्टरसाहेबांकडे दिली. त्यांनी वरचा भाग वाचला, खालचा वाचला, त्या नावापाशी थांबले आणि म्हणाले, "ये जाँच आपने की?" मी हो म्हटलं. त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली. लस येईल की नाही ते अजून कळलं नाही.

घरी येऊन मी माळ्यावर गेले, बरण्यांचं स्पिरिट कमी झालं होतं ते भरलं. तुमच्याशी मनात वाद घालायला बसले, नेहमीसारखा. माझं म्हणणं अजून तेच आहे की खाली ठेवल्यानं माणसं मरतात. पण आता तुमच्या बाजूनं बोलायला कुणी नाही, तेव्हा ती बाजूही मीच घेतली, आणि जितकी नीट तुम्ही मांडायचात तितकी नीट मांडली. दोन्ही बाजू माझ्याच राहिल्या आहेत. कुठली जिंकावी असं मला वाटतं, हे अजून ठरत नाही.